पायडल मऊ लागतंय

आमच्या घरी मोटार होती असं म्हटलं की नातवंडं हसतात. "आजी, त्या काळात? नागावात?" अरे हो बाबांनो, नागावातच. आणि साधीसुधी नव्हे, शर्यतीची मोटार. आमच्या मालकीची नव्हती हे खरं, मुंबईच्या एका शेटची होती, पण राहायला आमच्याकडे होती, गोठ्याच्या पडवीत. शेटचा बंगला अगदी किनाऱ्याला, सुरूच्या बनात. तिथल्या खाऱ्या वाऱ्यानं दारांच्या बिजागऱ्यासुद्धा गंजून गळायच्या, मग मोटारीचं काय होणार? आमची वाडी आतल्या अंगाला, नारळी-पोफळींच्या आडोशाला. शेटनं आबांना, म्हणजे माझ्या वडिलांना, विचारलं आणि आबांनी म्हशीला पलीकडच्या खुंट्याला बांधून मोटारीला जागा करून दिली. म्हैस चांगली रुसली, दूध चोरायला लागली. आई म्हणायची, "एक दूध देती, दुसरी नुसतं तेल पिती. आन् चांगली जागा कुणाला, तर पिणारीला!"

मोटार बुटकी, लांब नाकाची, जेमतेम दोन माणसं बसतील एवढी. चाकांवर पत्रे नाहीत, टप नाही, दारं नाहीत. धावायला लागेल तेवढं ठेवून बाकी सगळं शेटनं काढून टाकलं होतं. ती चालवायचा माझा थोरला भाऊ रघुनाथ, आमचा दादा. मुंबईला मोटारदुरुस्तीच्या कारखान्यात काही वर्षं काढून तो घरी परतला होता आणि शेटनं त्याला हेरला होता. थंडीच्या दिवसांत मोठ्या ओहोटीला आमच्याकडे समुद्र इतका मागे जातो की नागावपासून आक्षीपर्यंत ओली वाळू फरशीसारखी टणक पडते. तिच्यावर शेट आणि त्याचे मित्र मोटारी पळवायचे. मित्रांच्या मोटारी मुंबईहून पडावातून धरमतरच्या बंदरात उतरायच्या आणि धुरळा उडवत अलिबागेवरून आमच्या गावात शिरायच्या. सुरूच्या बनापासून निघायचं, आक्षीच्या खाडीच्या अलीकडे एक पिंप ठेवलेलं असायचं, त्याला वळसा घालून परत यायचं. पिंपाशी ब्रेक लागला तर वळसा, नाहीतर सरळ खाडी. ही खाडी दिसायला गरीब, पण तोंडाशी अशी ओढ की कोळीसुद्धा तिथे होडी जपून घालायचे.

आमचं घर पहाटे रहाटाच्या कुरकुरीनं जागं व्हायचं. बैल गोल फिरायचा, मडकी विहिरीतून वर येऊन पन्हळीत रिकामी व्हायची, आणि पाणी पाटातून पोफळींकडे निघालं की आबांचा खोकला ऐकू यायचा. मग चुलीवर तांदळाच्या भाकऱ्या, आदल्या रात्रीच्या बांगड्याचं मुरलेलं कालवण, सोबत हाताच्या बुक्कीनं फोडलेला पांढरा कांदा. भाकऱ्या वैनी थापायची. वैनी म्हणजे दादाची बायको, रेवदंड्याची, आदल्या वैशाखात लग्न होऊन आलेली. अंगानं बारीक, पण कामाला वाघीण, आणि तिच्या हातच्या खोबरेल तेलाला तर गावात तोड नव्हती. नारळ खवून, त्याचं दूध काढून, ते मंद जाळावर आटवत बसायची. घरभर असा काही वास सुटायचा की आता लिहितानासुद्धा माझं नाक वर होतंय. खंडेनवमीला आमच्याकडे घरात काम करणाऱ्या प्रत्येक वस्तूला तेल द्यायची पद्धत होती. कोयते, विळ्या, रहाटाचा आस, जात्याचा खुंटा, आईचं शिवणयंत्र, भिंतीवरचं घड्याळ, सगळ्यांना हळदकुंकू, फूल आणि घरच्या तेलाचं बोट. त्या वर्षी आईनं तेलाची वाटी वैनीच्या हातात दिली. सुनेला असा मान मिळणं ही मोठी गोष्ट होती. ती दिवसभर वाटी घेऊन घरभर हिंडत होती.

दादा आणि वैनी घरच्यांदेखत एकमेकांशी बोलत नसत. तशी रीतच होती. बोलायचं असलं की मी मध्ये. "वन्सं, त्यांना विचारा, भाकर आणखी वाढू का." दादा ताटावरच बसलेला असायचा, दोन हातांवर, त्याला सगळं ऐकू जायचं, तरी मी आपली विचारायची, "दादा, वैनी विचारत्ये, भाकर वाढू का?" "सांग तिला, अर्धी." मी सांगायची. मला त्याचा इतका कंटाळा यायचा की एकदा मी म्हटलं, माझं लग्न झाल्यावर तुम्ही काय तारा पाठवणार का एकमेकांना? आईनं पळी उगारली होती.

आता त्या ब्रेकचं सांगते, कारण पुढचं सगळं त्याच्यावरून झालं. तेव्हाच्या बहुतेक मोटारींचे ब्रेक सळयांचे नाहीतर तारांचे असत. या मोटारीचे तेलाचे होते. पायाखालच्या फळीखाली एक पितळी पेला, त्यात तेल. पेल्याच्या तळाला बारीक भोक, त्यातून तेल खालच्या नळकांड्यात उतरायचं. पायडल दाबलं की ते तांब्याच्या नळ्यांतून चारी चाकांना जोर लावायचं. दादा मला हे सगळं हौसेनं समजावून सांगायचा, कारण घरात ऐकून घेणारी मी एकटीच. शिवाय त्याला माझा पाय लागायचा. नळ्यांमध्ये हवा शिरली की पायडल मऊ होतं. ती काढायला एकानं चाकापाशी स्क्रू सैल करायचा आणि दुसऱ्यानं पायडलवर बसायचं. दादा चाकाखालून ओरडायचा, "दाब!" मी म्हणायची, "दाबलं." "धर!" "धरलं." "आता सोड!" शेजारच्या काकू कुंपणावरून विचारायच्या, "गो, म्हशीचं बाळंतपण चाललंय काय?" ब्रेकचं तेल मुंबईहून डब्यातून यायचं, आणि त्याला चक्क एरंडेलाचा वास यायचा. डबा उघडला की मी नाक दाबून पळायची. आम्हा पोरांना पोट साफ व्हायला दर महिन्याला एरंडेल पाजायचे, त्याची आठवण कुणाला हवी?

दिवाळी झाली, थंडी पडली आणि मोटार बिघडली. म्हणजे असं, की दादा भल्या सकाळी ओहोटीला सरावाला घेऊन जायचा आणि तोंड पाडून परत यायचा. "चंपू, पायडल मऊ लागतंय. पहिल्यांदा बरं लागतं, मग खाली खालीच जातं. दोन-तीनदा झटके दिले की कुठे धरतं." जेवून आम्ही पडवीत जायचो. मी पायडल दाबायची, तर ते दगडासारखं घट्ट! दादा खाली वाकून दाबायचा, घट्ट! हवा काढायला घेतली तर स्क्रूखाली धरलेल्या बाटलीत एक बुडबुडा निघाला तर शपथ. चाकं उतरवून बघितली, कुठे तेल गळत नव्हतं. रबरी नळ्या बोटांनी चाचपल्या, कुठे फुगवटा नव्हता. ब्रेकचे पट्टे चाकांना जवळ घेतले. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा मऊ. दादानं देव सोडून सगळ्यांना शिव्या घातल्या.

शेट रविवारी यायचे ते दहा वाजता, चहा घेऊन, ऊन चांगलं वर आल्यावर. स्वतः बसून पाहायचे. "अरे रघुनाथ, आ तो पथ्थर छे! मऊ कुठे आहे?" दादा म्हणायचा, "शेट, सकाळी मऊ असतं." शेट हसायचे. "सकाळी तुझा पाय झोपेत असतो भाई." एकदा हसले, दोनदा हसले, तिसऱ्यांदा हसले नाहीत. म्हणाले, "भीती वाटत असेल तर सांगून टाक. शरम नको. माझा भाचा बसेल गाडीवर. पुढच्या रविवारच्या शर्यतीला मला असा माणूस पाहिजे जो पिंपाच्या अर्धा मैल आधीच वेगावरून पाय काढणार नाही." शेट वाईट माणूस नव्हता. त्याला जे दिसत होतं तेच तो बोलत होता. पण दादाचा चेहरा असा उतरला की मला शेटच्या टोपीवर शेणाचा गोळा मारावासा वाटला.

त्या आठवड्यात दादा विहिरीच्या काठाला पाय लावून दाबत बसलेला मला दिसला. उजवा पाय, मग डावा, मग पुन्हा उजवा. मला बघून कसंनुसं हसला. "चंपू, खरं सांग. माझाच पाय खोटा असेल का गं? खाडी दिसली की माझ्याच पायातला जोर जात असेल, आन् मला वाटत असेल पायडल मऊ हाय." मी त्याला वेड्यात काढलं, पण आतून हादरले. मोटार बिघडली तर दुरुस्त होते. माणसाला स्वतःच्या पायाचा भरवसा वाटेनासा झाला की त्याचं काय करायचं? आज ऐंशीच्या घरात, जिना उतरताना कठड्याला धरून उभी राहते तेव्हा मला तो विहिरीचा काठ आठवतो.

शुक्रवारी संध्याकाळी आम्ही मागच्या पडवीत वालाच्या शेंगा निवडत बसलो होतो, वैनी आणि मी. आई-आबा देवळात गेले होते. दादा आला आणि खांबाला टेकून माझ्याकडे बघत म्हणाला, "उद्या संध्याकाळी शेट येतील. विचारतील, गाडी कशी हाय. मी सांगणार, बरी हाय." वैनीचे हात थांबले. घरात मोठं कुणी नव्हतं तरी सवयीनं ती मलाच म्हणाली, "वन्सं, विचारा त्यांना, खरंच बरी हाय का?" मी विचारलं. "सांग तिला, न्हाय." "मग खोटं का सांगायचं, विचारा." दादानं सुपातली एक शेंग उचलून मोडली. मग म्हणाला, "मऊ हाय म्हटलं तर भाचा बसतो आन् मी भित्रा ठरतो. घट्ट हाय म्हटलं तर मी बसतो. रविवारी कळेल, खोट पायात हाय की पायडलात." वैनीनं सूप खाली ठेवलं आणि आत निघून गेली. चूल पेटलेली नव्हती, तरी आतून धूर लागल्यासारखा नाक ओढल्याचा आवाज येत होता. मी मात्र दादावर संतापले. म्हटलं, कळेल कुणाला, तुला की आक्षीच्या कोळ्यांना? तो निघून गेला.

शनिवारी सकाळी मी न्हाऊन केस विंचरायला बसले. गारठा चांगला होता. तेलाची शिशी खिडकीत होती, ती उपडी केली तर थेंब नाही. मानेपाशी पांढरा गोळा, आतलं तेल सगळं थिजलेलं. आई चुलीपाशी होती, म्हणाली, "उन्हात ठेव की जरा. रोज काय सांगायचं?" रोजचंच होतं ते. थंडीत आमच्याकडे सकाळी शिशी अंगणात उन्हाला ठेवतात, आणि जेवणवेळेपर्यंत तेल पाण्यासारखं होतं. मी शिशी घेऊन अंगणात गेले, तुळशीपाशी ठेवली, आणि तशीच ओणवी राहिले. सकाळी घट्ट, दुपारी पातळ. शेट दहा वाजता यायचे, आम्ही जेवून बघायचो, दादा पहाटे जायचा. शिशीतून सकाळी तेल उतरत नव्हतं. मग पेल्यातून?

केस मोकळे सोडून मी पडवीत धावले. फळी उचलली, पेल्याचं झाकण फिरवलं. वर तांबूस तेल होतं, पण काडी घालून तळाला ढवळलं तर पांढऱ्या गुठळ्या वर आल्या, आणि त्यातली एक त्या बारीक भोकात बूच बसवावं तशी बसली होती. वरचं तेल गारठ्यात खाली नळकांड्यात उतरतच नव्हतं, मग पायडल मऊ पडणारच. मी अशी किंचाळले की म्हैस दावं तोडायला निघाली. दादा आला, आबा आले, हातातली पळी तशीच टाकून आई आली, आणि मागून पिठाच्या हातांनी वैनी आली. दादानं गुठळी बोटावर घेतली, बोट नाकाशी नेलं. "हे ब्रेकचं तेल न्हवे," तो म्हणाला. "हे कुठून आलं?"

मला वास ओळखू आला होता. आईलाही आला असणार, कारण तिनं वैनीकडे पाहिलं. वैनी पांढरीफटक पडली होती. सासरा समोर, सासू समोर. ती माझ्याकडे वळेल आणि 'वन्सं, त्यांना सांगा' म्हणेल अशी मी वाटच बघत होते. ती वळली नाही. डोक्यावरचा पदर सावरला आणि सरळ दादाकडे बघून बोलली. "अहो, ते तेल मी घातलं. खंडेनवमीला. सगळ्यांना दिलं, मग हिला कसं उपाशी ठेवायचं? झाकण काढून बघितलं तर एरंडेलाचा वास. मला वाटलं, रोज तुम्हाला घेऊन धावणारी मोटार, आन् तिला जुलाबाचं तेल पाजतात. म्हणून घरचं चांगलं तेल घातलं, वाटीभर. तुम्हाला सांभाळून आणावं म्हणून." आणि मग ती रडायला लागली, पिठाचे हात तोंडावर घेऊन.

आई बोलायला तोंड उघडत होती आणि ती काय बोलणार होती ते मला पाठ होतं. पण त्याआधी दादा मटकन जमिनीवर बसला. मला वाटलं भडकला. बघते तर हा हसतोय, डोळ्यांतून पाणी गळतंय आणि हसतोय. दोन्ही हातांनी आपल्या उजव्या पायाची पोटरी दाबत म्हणत होता, "पाय बरा हाय. आबा, माझा पाय बरा हाय हो!" आबांना काही कळलं नव्हतं, तरी ते म्हणाले, "व्हय रे बाबा, बरा हाय." आईनं उघडलेलं तोंड मिटलं.

मग दिवसभर आम्ही त्या मोटारीच्या पाठी होतो. सगळं तेल काढून टाकलं, नळकांडं उघडलं, स्पिरिटनं धुतलं, तांब्याच्या नळ्यांतून स्पिरिट खेळवलं. आतली रबरं जराशी फुगली होती, ती बदलली. दादाकडे जादा रबरं होती म्हणून निभावलं. नवा डबा फोडला. मग चारी चाकांची हवा काढली. दाब, दाबलं, धर, धरलं, सोड. संध्याकाळपर्यंत माझी मांडी भरून आली. वैनी सगळा वेळ दिवा, फडकी, पाणी जे लागेल ते हातात देत होती. शेट आले. दादा म्हणाला, "शेट, पायडल बरं झालं." शेट खुशीत म्हणाले, "मी काय सांगत होतो? बिघडलंच नव्हतं!" मी जीभ चावून गप्प राहिले. दादानं डोळ्यानं दाबलं होतं मला.

पण एक गोष्ट उरलीच होती. पहाटे, गारठ्यात, भरधाव असताना ते पायडल धरतं का, हे कुणी पाहिलं नव्हतं. पाहायला वेळही नव्हता. ओहोटी रविवारी सकाळीच होती.

सकाळी सगळं गाव बनापाशी लोटलं होतं. आई, आबा, मी, शेजारच्या काकू. मोटारींच्या आवाजानं कुत्री शेपट्या घालून पळाली. निशाण पडायच्या जरा आधी मी वैनीला काहीतरी दाखवायला वळले, तर ती जागेवर नव्हती. काकू म्हणाल्या, "ती मघाच गेली की, वाळूनं, आक्षीच्या अंगाला." मी एका दगडावर चढून पाहिलं. लांब, पिंपाच्याही पलीकडे, पिंप आणि खाडी यांच्या मधोमध एक हिरवं लुगडं उभं होतं. चालत नव्हतं, हात हलवत नव्हतं, नुसतं उभं.  ओरडून काही उपयोग नव्हता, तेवढ्यात निशाण पडलंच.

मोटारी गेल्या. वाळूवर पाण्याचे फवारे उडाले. दादाची मोटार पुढून दुसरी की तिसरी होती. लहान होत होत ती त्या हिरव्या ठिपक्याच्या रोखानं चालली आणि आईनं माझं मनगट असं धरलं की पुढे कितीतरी दिवस तिथे वळ होता. पिंप आलं. मोटारीचं नाक खाली झुकलं, मागून वाळू उडाली, आणि ती पिंपाला लागून गर्रकन वळली. हिरवं लुगडं होतं तिथेच होतं. दादा त्या शर्यतीत कितवा आला ते मला आठवत नाही. नातवंडं नेमकं तेच विचारतात.

शर्यत संपल्यावर दादा शेटपाशी थांबलाच नाही. मोटार तशीच फिरवली आणि परत आक्षीकडे नेली, हळू. तिथे तो काय म्हणाला हे त्यानं मला पुढे सांगितलं. एकच शब्द म्हणाला, "बस." आणि ती बसली. सगळ्या गावादेखत, सासूसासऱ्यांदेखत, डोक्यावर पदर घेऊन ती दादाच्या शेजारी बसून त्या बिनदाराच्या मोटारीतून किनाऱ्यानं आली. काकूंचा हात तोंडावर गेला. आबा मात्र समुद्राकडे बघत खोकत राहिले.

संध्याकाळी वाडीत पोपटी लावली होती. वालाच्या शेंगा, अंडी, कांदे मडक्यात भरून, भांबुर्ड्याच्या पाल्यानं तोंड गच्च करून, मडकं उपडं घालून भोवती जाळ केला होता. सगळे शेकत बसलो होतो. आईनं दिवसभर दाबून ठेवलेलं शेवटी बाहेर आलंच. "येडी झालीस काय गो? गाडी थांबली नसती तर? मधे जाऊन उभी राहिलीस ती कशाला?"

वैनी जाळाकडे बघत होती. म्हणाली, "तेल मी घातलं व्हतं, आत्याबाई. मग थितं दुसऱ्या कुणी उभं राहायचं?"

 आईनं काठीनं निखारे बाजूला सारले, मडकं फडक्यात धरून सुपात उपडं केलं. वाफेत भांबुर्ड्याचा वास उठला. आमच्या घरी पहिलं वाढप आबांचं असायचं, मग दादाचं, सून सगळ्यात शेवटी. आईनं चटके सोसत पहिली ओंजळ भरली आणि वैनीच्या ताटात ओतली.